चिनी अक्षरं गिरवायची तर कुठली, पुस्तकात छापलेली, मोबाईलवरची की हाताने लिहिलेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कंपनीत चिनी इंजिनिअर येतात म्हणून तुम्ही घरच्या घरी एक पुस्तक आणि एक ॲप घेऊन शिकायला सुरुवात केलीत, पुस्तकातली अक्षरं वहीत जशीच्या तशी उतरवलीत, आणि वही त्यांच्यातल्या एकाला दाखवली तर तो हसत म्हणाला की वाचता येतंय पण असं कोणी लिहीत नाही. त्यात पुन्हा 'यी' म्हणजे कपडे, या अक्षरात तुम्ही मोजता तेव्हा सात रेघा येतात आणि ॲप म्हणतं सहा. 'फांग' म्हणजे घर किंवा खोली, त्याच्या डोक्यावर पुस्तकात टिंब आहे आणि मोबाईलवर चक्क आडवी रेघ. आणि त्या इंजिनिअरने लिहिलेली चिठ्ठी तर या दोन्हींसारखी दिसत नाही. मग खरं कुठलं?

मी बरीच वर्षं चिनी शिकवतोय आणि मधूनमधून दुभाष्याचंही काम करतो, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला कोणी ना कोणी विचारतंच. खरं सांगायचं तर हा एक प्रश्न नाहीये, तीन प्रश्नांचा गुंता आहे. पुस्तकाच्या अक्षरावर छपाईचा साज चढलेला असतो, मोबाईलचं अक्षर दुसऱ्याच देशाच्या पद्धतीचं असू शकतं, आणि चिठ्ठीतलं अक्षर वेगात लिहिलेलं असतं. तिन्हीची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. आणि हो, मी इथे मुद्दाम एकही चिनी अक्षर टाईप करत नाहीये, कारण ते तुमच्या स्क्रीनवर कुठल्या फॉन्टमध्ये उमटेल ते माझ्या हातात नाही आणि तुमचा निम्मा घोळ तिथूनच सुरू झालाय. वर्णन करतो, तुम्ही कागद पेन घेऊन बसा.

आधी पुस्तक. चिनी पुस्तकं, पेपर ज्यात छापतात त्या टाईपला सोंगती म्हणतात, जपानी लोक त्यालाच मिंचो म्हणतात. नावात सोंग घराणं आहे पण हे वळण खऱ्या अर्थाने पक्कं झालं ते मिंग काळात, म्हणजे १३६८ ते १६४४, आणि जपानी नावात तेच मिंग आहे. सोंग काळातले ठसे बऱ्यापैकी हाताच्या वळणाचे असायचे, त्याआधीच्या तांग काळातल्या ओउयांग शुन, यान चनछिंग अशा मोठ्या सुलेखनकारांची वळणं समोर ठेवून कोरलेले. पुढे पुस्तकांचा धंदा वाढला आणि भराभर कोरायची गरज पडली. लाकडाच्या फळीवर अक्षर उलटं कोरायचं, फळीची शीर आडवी, त्यामुळे शिरेच्या दिशेने जाणारी आडवी रेघ बारीक ठेवली तरी टिकते पण शीर कापत जाणारी उभी रेघ बारीक ठेवली तर तुकडा उडतो, म्हणून उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक, असं कारण सर्वसाधारणपणे सांगतात. आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला जो छोटासा त्रिकोण दिसतो तो म्हणजे ब्रश शेवटी दाबून थांबवतात त्या थांबण्याची कोरक्याने केलेली शॉर्टकट खूण. तो त्रिकोण ही रेघ नाही! तुम्ही वहीत बॉलपेनने प्रत्येक रेघेला त्रिकोण काढून आत भरलाय, मेहनत दिसते पण तो काढायचा नसतो. दर बॅचमध्ये एक तरी त्रिकोणवाला निघतोच.

आता तुमचं 'यी'. चिनी मोजणीचा नियम साधा आहे, पेन टेकलं ते उचलेपर्यंत एक रेघ, मधे कितीही वळणं येवोत. 'यी' लिहिताना वर टिंब, मग आडवी, मग आडव्याच्या मधून डावीकडे खाली उतरणारी तिरकी, इथपर्यंत तीन. चौथी रेघ मधून सरळ खाली येते आणि पेन न उचलता तळाशी वळून उजवीकडे वर झटका मारून संपते. पाचवी उजव्या बाजूला छोटी तिरकी, सहावी उजवीकडे खाली पसरत जाणारी लांब. झालं, सहा. पण बऱ्याच सोंगती फॉन्टमध्ये, आणि जपानी छापात तर सर्रास, चौथ्या रेघेच्या तळाच्या कोपऱ्यावर तो वरचा झटका उभ्या रेघेच्या डावीकडे किंचित बाहेर डोकावताना दाखवलेला असतो. त्यामुळे उभी एक आणि झटका दुसरा, अशा दोन स्वतंत्र रेघा एकमेकींवर ठेवल्यासारखं वाटतं. हाताने लिहिताना तिथे फक्त पेन क्षणभर दाबून वळतं. जपानच्या रोजच्या वापराच्या अक्षरांची जी सरकारी यादी आहे, २०१० मध्ये सुधारलेली २१३६ अक्षरांची, तिच्या जोडपत्रात हे सगळं उदाहरणांसकट दिलंय की छापाच्या अक्षरात अमुक तमुक दिसतं ते मिंचोचं वैशिष्ट्य आहे, हाताने तसं लिहायची गरज नाही, आणि त्यात हे 'कपडे'वालं अक्षर पण आहे. म्हणजे गोंधळणारे तुम्ही एकटे नाही.

मोबाईलच्या साध्या फॉन्टचा, ज्याला हेईती म्हणतात, त्रास उलटा आहे. सोंगती जास्तीचं काहीतरी दाखवते, हेईती हवं ते पुसून टाकते. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, त्यामुळे रेघ कुठून कुठे गेली ते कळायला मार्ग नाही. आणि चिनी अक्षरात दिशा हाच तर जीव आहे. दोन रेघा घ्या, 'फिए' वरून उजवीकडून निघते आणि डावीकडे खाली उतरते, सुरुवात जाड, शेवट निमुळता. 'थी' खालून डावीकडून निघते आणि उजवीकडे वर उडते, हिचीही सुरुवात जाड आणि शेवट निमुळता. हेईतीत दोन्ही म्हणजे एकच तिरकी काडी. पाण्याशी संबंधित अक्षरांच्या डावीकडे तीन थेंब असतात ना, त्यातला तिसरा थेंब 'थी' आहे, खालून वर जाणारा. तो वरून खाली ओढला की चिनी माणसाला लगेच खटकतं, काय चुकलंय ते कदाचित त्याला सांगता येणार नाही पण डोळ्याला टोचतं.

हे नुसतं सौंदर्याचं काम नाही हां, कधीकधी अर्थ बदलतो. 'हजार'चं अक्षर आणि 'करणे, कोरडं' या अर्थाचं 'कान' हे अक्षर. दोन्हीत तीनच रेघा, दोन्हीत खाली एक लांब आडवी आणि तिला छेदणारी उभी, फरक फक्त सगळ्यात वरच्या छोट्या रेघेचा. 'कान'मध्ये वर साधी आडवी आहे, डावीकडून उजवीकडे. 'हजार'मध्ये वर फिए आहे, उजवीकडून डावीकडे उतरणारी. छापात फरक ओळखायला येतो कारण छापातली आडवी रेघ पट्टीने मारल्यासारखी सपाट असते. हाताने लिहिताना आडवी रेघ सपाट नसतेच, ती उजवीकडे थोडी वर चढते, उजव्या हाताने मनगट टेकून लिहिलं की आपोआप तसं होतं आणि सुलेखनातही तेच चांगलं समजतात. मग तुम्ही 'हजार'ची वरची रेघ डावीकडून सुरू करून उजवीकडे चढवलीत तर ती फिए न दिसता चढती आडवी दिसते, आणि ऑर्डरच्या कागदावर हजार वाचायच्या जागी माणूस भलतंच वाचतो. रेघ उजवीकडून सुरू करा, सुरुवातीला पेन दाबा, शेवटी उचला, मग आकार थोडा वाकडा आला तरी वाचणारा चुकणार नाही.

चौकोनांबद्दलही सांगतो, कारण तुमच्या वहीत सगळे चौकोन डब्यासारखे आलेत. छापात 'तोंड' या अर्थाचं चौकोनी अक्षर तंतोतंत चौरस असतं. हातात ते वर रुंद आणि खाली जरा निमुळतं होतं. रेघा तीन, डावी उभी, मग वरची आडवी आणि उजवी उभी एकाच दमात वळून, शेवटी तळ. शिकवताना आम्ही सांगतो की बुटका चौकोन असेल तर तळाची रेघ उजवीकडे किंचित बाहेर येऊ दे, आणि उंच चौकोन असेल, म्हणजे 'सूर्य, दिवस'सारखा, तर उभ्या रेघांचे पाय खाली किंचित बाहेर येऊ देत. एवढ्याशा गोष्टीने अक्षर लिहिलेलं वाटायला लागतं, काढलेलं नाही.

मग छापील काहीच बघायचं नाही का? बघायचं, पण काईतीत. काईती हा फॉन्ट काईशू म्हणजे सुट्या, नीट हस्ताक्षरावरून बनवलेला आहे, त्यात आडव्या रेघा चढतात, टिंबांना दिशा असते, वळणं कळतात. चीनमध्ये शाळेतल्या लहान मुलांच्या भाषेच्या पुस्तकात काईतीच वापरतात ती याच कारणाने. फांगसोंग नावाचा एक मधला प्रकार आहे, सडपातळ, चीनच्या सरकारी पत्रांचा मजकूर त्यात असतो, छान दिसतो पण गिरवायला घेऊ नका, तोही छपाईचाच.

आता दुसरा गुंता, 'फांग'च्या डोक्यावरचं टिंब. इथे पुस्तक आणि मोबाईल दोघेही बरोबर आहेत, फक्त देश वेगळे आहेत. त्या अक्षराचा वरचा भाग म्हणजे दाराचं चित्र, त्याची पहिली रेघ चीनमध्ये टिंब, तैवानमध्ये डावीकडे उतरणारी तिरकी, जपानमध्ये सपाट आडवी. तुमच्या मोबाईलने जपानी फॉन्ट उचललाय. कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला नंबर देणारी जी युनिकोड पद्धत आहे तिने या सगळ्या देशांतल्या अशा अक्षरांना एकच नंबर दिलाय आणि दिसणं फॉन्टवर सोडलंय. आपल्याकडे 'ल' आणि 'श'चं जे होतं तेच, कोड एकच पण फॉन्ट हिंदी वळणाचा असला की शाळेत शिकलो तो ल दिसत नाही, आणि मराठी वळण कुठलं ते शासनाला २००९ च्या निर्णयात छापून सांगावं लागलं. चिनीत अशा जागा पुष्कळ आहेत. 'हाड'च्या अक्षरात वरच्या खोक्यातला छोटा कोपरा चीनमध्ये डावीकडे वळतो, जपान तैवानमध्ये उजवीकडे, आणि त्यामुळे चीनमध्ये ते नऊ रेघांचं, बाकीकडे दहा. 'सरळ' या अर्थाच्या अक्षराला जपानी छापात डावीकडून खाली येऊन तळाशी वळणारी एक रेघ असते, चिनी छापात ती नाही, खाली साधी आडवी.

हे फरक आले कुठून? १७१६ च्या खांगशी शब्दकोशात छापाची जी रूपं आली तीच पुढे बराच काळ ठशांसाठी प्रमाण धरली गेली, आणि त्यातली बरीच हाताने कोणी कधी लिहिलीच नव्हती. म्हणजे छाप आणि हात यांच्यात अंतर पडलेलंच होतं. मग विसाव्या शतकात प्रत्येकाने आपापल्या परीने ते कमी केलं. चीनने १९६५ मध्ये ६१९६ अक्षरांची यादी काढून छापाची रूपंच हाताच्या जवळ आणली, आणि आता २०१३ ची ८१०५ अक्षरांची यादी चालते. तैवानने तर आपली प्रमाण रूपं हाताला आणखी चिकटवून ठरवली. जपानने अर्धवट केलं, छाप बराचसा छापासारखा ठेवला आणि वर सांगितलं की हाताने वेगळं लिहिलं तरी चालेल. पुण्यात जपानी शिकणारे भरपूर आहेत, त्यांना विचारा, २०१९ च्या एप्रिलमध्ये 'रेइवा' हे नव्या सम्राटाच्या युगाचं नाव जाहीर झालं तेव्हा 'रेइ'ची शेवटची रेघ सरळ खाली उतरवायची की तिरकं टिंब द्यायचं यावर किती चर्चा झाली. खरं तर जपानच्या सांस्कृतिक खात्याने २०१६ मध्येच तपशीलवार सांगून ठेवलं होतं की दोन्ही एकच अक्षर, सरळ रेघ छापाची सवय आणि टिंब हाताची. 'झाड'च्या अक्षरात उभ्या रेघेला खाली हूक दिला काय आणि नाही दिला काय, तेही त्यांना चालतं. चीनच्या शाळेत मात्र तिथे हूक दिलात तर बाई लाल पेन मारतील. म्हणून तुम्हाला कामासाठी चीनच्या लोकांशी बोलायचंय तर चीनचंच रूप धरा, आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत सरळीकृत (सिम्प्लिफाइड) चिनी जपानीच्या वर टाका, बहुतेक फोनमध्ये तेवढ्याने टिंब परत येतं.

इथपर्यंतचं एका दमात, त्रिकोण आणि कोपऱ्यावरचं डोकावणं हा छपाईचा साज, तो सोडा. टिंब की आडवी हा देशाचा फरक, एक देश धरा. रेघांची दिशा, क्रम आणि संख्या हा सांगाडा, तो मात्र सोडायचा नाही.

राहिली ती चिठ्ठी. ती शिंगशू आहे, म्हणजे वाहतं हस्ताक्षर, मोठी माणसं रोजच्या कामात तसंच लिहितात. यात पेन कमी वेळा उचललं जातं, त्यामुळे सुट्या रेघा जोडल्या जातात. पाण्याच्या तीन थेंबांपैकी खालचे दोन जोडून एक हूक होतो. काही अक्षरांच्या तळाला चार टिंबं असतात (ती आगीची असतात बऱ्याचदा) त्यांची एक नागमोडी किंवा जवळजवळ सरळ रेघ होते. चौकोनाचे कोपरे गोल होतात. हे बघून नवशिक्याला वाटतं मनाला येईल तसं लिहिलंय. तसं नाही, जोडणी नेहमी रेघांच्या क्रमानेच होते, पेन एका रेघेच्या शेवटापासून पुढच्या रेघेच्या सुरुवातीपर्यंत कागदावरच घसरत जातं आणि तो घसरलेला माग आपल्याला दिसतो. म्हणून क्रमाचा एवढा कंटाळवाणा आग्रह धरतात. ज्याचा क्रम पक्का त्याला चिठ्ठी वाचताना पेन कसं गेलं असेल ते मनात फिरवता येतं, ज्याने अक्षर चित्रासारखं पाठ केलंय त्याला तिथे नुसता गुंता दिसतो. आणि गंमत म्हणजे तुम्ही आज जी सोपी केलेली छापील अक्षरं शिकताय त्यातली कितीतरी, 'पूर्व', 'पुस्तक', 'गाडी', 'दरवाजा', ही जुन्या वेगवान हस्ताक्षराचंच सरळ केलेलं रूप आहेत. तेव्हा हाताने जे चालत होतं ते १९५० आणि ६० च्या दशकात सरकारने उचलून छापात नेलं.

चिठ्ठ्यांमध्ये आणखी एक भानगड असते, कुठल्याच पुस्तकात न सापडणारी अक्षरं. चीनने डिसेंबर १९७७ मध्ये आणखी सोप्या अक्षरांची दुसरी यादी काढली होती, ती लोकांना पचली नाही आणि १९८६ मध्ये रद्द झाली, पण काही रूपं हातात राहून गेली. खानावळीच्या पाटीवर 'जेवण'चं सोळा रेघांचं अक्षर अजूनही कुठेकुठे पाच रेघांत लिहिलेलं दिसतं, आणि भाजीवाले 'अंडं' लिहायच्या जागी त्याच उच्चाराचं 'पहाट'चं अक्षर टाकून मोकळे होतात, पाच रेघांत काम होतं. जरा वयस्कर माणसाची चिठ्ठी असेल आणि एखादं अक्षर शब्दकोशात सापडतच नसेल तर हा संशय घ्या आणि सरळ विचारा.

आता गिरवायचं काय, तर हे तुम्हाला कशासाठी हवंय त्यावर आहे. परीक्षेसाठी असेल तर २०२१ च्या नव्या चिनी प्रावीण्य निकषात पहिल्या तीन पातळ्यांना मिळून ९०० अक्षरं ओळखायची आणि त्यातली फक्त ३०० हाताने लिहायची अपेक्षा आहे, आणि कॉम्प्युटरवर परीक्षा दिलीत तर टाईपच करायचं असतं. म्हणजे सगळं हाताने यायलाच हवं असं त्यांचंही म्हणणं नाही. कंपनीत चिठ्ठ्या वाचता यायला हव्यात एवढंच असेल तर मी म्हणेन दोन-तीनशे अक्षरं काईतीत नीट, क्रमाने लिहायला शिका आणि मग थेट खऱ्या चिठ्ठ्या वाचायला घ्या, तिथे लिहिण्यापेक्षा वाचण्यावर जोर द्या. सुलेखनाचा नाद लागला असेल तर गोष्टच वेगळी, मग ब्रश घ्या आणि एका जुन्या गुरूचं वळण धरा, माझं हे उत्तर विसरा.

एक मात्र सगळ्यांनाच सांगतो, सुरुवातीलाच शिंगशूची नक्कल करू नका. यूट्यूबवर बघून लोक करतात आणि दिसतंही बरं, पण सांगाडा नसताना जोडलेल्या रेघा भलत्याच जागी जोडल्या जातात आणि मग ते चिनी माणसाला खरंच वाचता येत नाही. तुमची त्रिकोणवाली वही निदान वाचता तरी येत होती.

साहित्याचं म्हणाल तर अधिकाची खूण छापलेल्या चौकोनांची वही घ्या, मिळाली नाही तर मोठ्या चौकटीच्या गणिताच्या वहीत चार घरं मिळून एक अक्षर लिहा, मधली रेघ आयती मिळते. बॉलपेनपेक्षा जेलपेन बरं, दाब दिला की थोडा फरक दिसतो. एकच अक्षर पानभर लिहू नका, चौथ्या पाचव्या वेळेनंतर डोकं बंद होतं आणि हात आपल्याच आधीच्या चुकीची नक्कल करतो, प्रत्येक वेळी मूळ काईतीकडे बघा, तीन-चारदा लिहा आणि पुढे जा. आणि तुमचं पुस्तक फेकायची गरज नाही, वाचायला सोंगतीच लागणार आहे कारण पुस्तकं, पेपर, मॅन्युअल सगळं त्यातच येतं. ती चिठ्ठी अजून असेल तर आकडे आणि नावं झाकून तिचा फोटो टाका, पहिल्या दोन ओळींत पेन कसं कसं गेलंय ते रेघेरेघेने लिहून देतो.